माहेश्वरी विणकाम : हातमागावर शिकायचे तर

इंदूरच्या मराठी घरांत माहेश्वरी साडीची ओळख करून द्यावी लागत नाही. पाडव्याला, चैत्रातल्या हळदीकुंकवाला, अहिल्योत्सवाच्या पालखीला ती कपाटातून निघतेच. आजीची नऊवारी कापून शिवलेला परकर किंवा दुपटेही पुष्कळ घरांत जपून ठेवलेले असते. ती विणतात कशी, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना सांगता येते. माहेश्वर येथून जेमतेम नव्वद किलोमीटर, तरी आपण तिथे घाट पाहतो, साडी घेतो आणि संध्याकाळी परत येतो.

गेल्या काही वर्षांत मंडळातल्या तरुण मुली आणि निवृत्त झालेल्या मावशी-काकू असे दोन्हीकडून एकच विचारणे येते : हे विणकाम आपल्याला शिकता येईल का? किती दिवस लागतात? या लेखात आम्ही त्याचे उत्तर एकत्र देत आहोत. थोडक्यात सांगायचे तर धोटा फेकायला एका दिवसात येतो, सारखे कापड यायला महिने लागतात आणि माग स्वतः जुळवून किनार विणायला वर्षे लागतात. मात्र यातला पहिला टप्पा पुरा केला तरी साडीकडे पाहण्याची नजर बदलते. आमच्या मते सभासदांनी निदान तेवढे तरी शिकावे.

माहेश्वर आणि आपण

१७६७ साली राज्याची सूत्रे हाती घेतल्यावर अहिल्याबाई होळकरांनी नर्मदेकाठच्या माहेश्वरला राजधानी केली. दरबार आला म्हणजे पाहुणे आले, आणि पाहुणे आले म्हणजे मानाचे वस्त्र द्यावे लागणार. त्यासाठी त्यांनी बाहेरगावचे विणकर बोलावून माहेश्वरात वसवले. पाहुण्यांना द्यायच्या पागोट्या आणि मराठी सरदारघराण्यांतल्या स्त्रियांसाठी नऊवारी लुगडी, असे तिथल्या मागांवरचे सुरुवातीचे काम होते. पहिल्या साडीचा नमुना अहिल्याबाईंनी स्वतः ठरवला अशी आख्यायिका आहे. तेव्हा ही साडी विणली नर्मदेकाठी निमाडात, पण ती घडली मराठी नेसणीसाठी.

१८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि माहेश्वरच्या मागांचा दरबारी आधार लांबला. पुढे इंदुरातच कापडगिरण्या उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले, तेव्हा उरलासुरला राजाश्रयही संपला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी ‘रेवा सोसायटी’ सुरू केली, तेव्हा माहेश्वरात माग थोडेच उरले होते. रेवा हे नर्मदेचेच नाव. या संस्थेने मोजक्या मागांवर स्त्रियांना विणायला शिकवले. तोवर घरातल्या बायका सूत तयार करून देत आणि मागावर मुख्यतः पुरुष बसत.

इंदूरच्या गिरण्यांचे काय झाले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिच्या कामगारांना थकलेल्या पैशांसाठी २०२३ उजाडावे लागले. ज्या गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग टिकणार नाही असे म्हणत, त्या गेल्या. माहेश्वरच्या गल्ल्यांत मागाची खटखट अजून ऐकू येते.

माहेश्वरी कशाला म्हणतात

माहेश्वरी मूळची निव्वळ सुती. पुढे ताण्याला रेशीम आणि बाण्याला सूत अशी पद्धत रूढ झाली. तिला ‘नीम रेशमी’ म्हणतात. साडी अंगावर हलकी वाटते, तरी चापूनचोपून बसते, ती या मिश्रणामुळे. आता पूर्ण सुती, पूर्ण रेशमी आणि टसरचा धागा वापरलेल्या साड्याही विणल्या जातात.

जुन्या चालीच्या माहेश्वरीच्या तीन खुणा लक्षात ठेवाव्यात.

पहिली खूण, अंग. ते साधे, बारीक रेघांचे किंवा चौकड्यांचे असते. अंगभर बुट्टे ही नंतरची भर आहे.

दुसरी खूण, किनार. ती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, म्हणून साडी उलटसुलट कशीही नेसता येते. नऊवारीच्या काष्ट्यात आणि निऱ्यांत कापडाची उलटी बाजू दिसतेच, तिथे ही सोय फार मोलाची. किनारीवरचे नमुने माहेश्वरच्या किल्ल्यातल्या आणि घाटावरच्या दगडी कोरीवकामाशी जुळतात : चटई, वीट, हिरा, चमेलीचे फूल, नर्मदेची लहर. किल्ल्यात गेलात तर खांबांच्या बैठकी आणि भिंतींवरच्या पट्ट्या थांबून पाहा, हातातल्या साडीची किनार तिथे सापडते.

तिसरी खूण, पदर. त्यावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि त्यांच्यामध्ये दोन पांढरे.

सूत आणि रेशीम

शिकणाऱ्याने मागाआधी धागा ओळखावा. सुताचा बारीकपणा नंबराने सांगतात. ऐंशी नंबरचे सूत म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम वजनात, ८४० वारांच्या ८० लड्या. हिशेब केला तर तो धागा ६१ किलोमीटरच्या वर भरतो. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. माहेश्वरीत ऐंशी, शंभर किंवा त्याहून वरच्या नंबरचे सूत लागते.

रेशमाचे माप याच्या उलट. ते डेनियरमध्ये सांगतात. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. माहेश्वरीच्या ताण्याला लागणारे रेशीम वीस-बावीस डेनियरचे असते. म्हणजे इंदूरहून उज्जैनला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत येईल इतका, ८० किलोमीटरचा धागा २०० ग्रॅमच्या आत बसतो. असा धागा बोटाला दिसण्याआधी जाणवतो. कातडी खरखरीत असेल किंवा नख फाटलेले असेल तर तो तिथेच अडकतो. म्हणून मागावर बसण्याआधी नखे कापणे आणि अंगठ्या-बांगड्या काढून ठेवणे हा पहिला धडा.

मागावर बसण्याआधीची कामे

साडीच्या कामाचा मोठा भाग मागाच्या बाहेर होतो. क्रम असा :

रेशीम उकळणे : कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढतात. यात रेशमाचे जवळजवळ चौथाई वजन जाते, पण चकाकी आणि मऊपणा त्यानंतरच येतो.

रंगवणे : रेशीम आणि सूत वेगवेगळ्या रंगांत, वेगवेगळ्या उष्णतेवर रंगवतात. लडी पाण्यात सतत फिरवावी लागते, नाहीतर रंग डागाळतो. माहेश्वरीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की कापडाला धूपछाव येते. आपल्या आज्या जिला ‘दुरंगी झाक’ म्हणत ती हीच.

उकलणे : लडी असारीवर चढवून धागा रिळावर घेतात. तुटलेला धागा इथेच सांधतात.

ताणा करणे : शेकडो रिळांवरचे धागे एकत्र करून मोठ्या पिंपावर शिस्तीने गुंडाळतात. साडीच्या रुंदीत उभे धागे हजारोंच्या संख्येने असतात. एक जरी मागेपुढे झाला तरी त्याची रेघ सगळ्या साड्यांत येते, कारण एका ताण्यावर अनेक साड्या निघतात.

सांधणी : जुना ताणा संपत आला की त्याच्या प्रत्येक धाग्याला नव्या ताण्याचा धागा पिळून जोडतात. बोटांना थोडी राख लावतात, म्हणजे धागा घसरत नाही. हे काम पाहताना आपलेच डोळे दुखू लागतात.

कांड्या भरणे : बाण्याचे सूत रहाटावर छोट्या कांड्यांवर भरतात. हीच कांडी धोट्यात बसते.

यातली बरीच कामे घरातल्या बायका आणि म्हातारी माणसे करतात. साडीवर नाव मात्र विणकराचेच येते. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

माग आणि मागाचे शब्द

पूर्वी खड्डा माग असे. विणकर जमिनीवर बसे आणि पावड्या खड्ड्यात असत. ताणा जमिनीलगत राही, त्यामुळे त्याला ओल मिळे. ओलसर हवेत सुती धागा अधिक टिकतो, म्हणून निमाडच्या कोरड्या उन्हाळ्यात ही सोय होती. पण पावसाळ्यात खड्ड्यात पाणी झिरपे आणि वर्षानुवर्षे तसे बसून कंबर-गुडघे जात. आता बहुतेक ठिकाणी उभ्या चौकटीचे माग आहेत. त्यांवर बाकावर बसून विणतात.

माहेश्वरात विणकर हिंदी-निमाडी बोलतात. आपल्या मराठी शब्दांपुढे तिथले शब्द माहीत असले तर शिकताना अडत नाही.

ताणा : उभे धागे. तिथे ‘ताना’.
बाणा : आडवे धागे. तिथे ‘बाना’.
धोटा : आडवा धागा वाहून नेणारी लाकडी नाव. तिथे ‘ढोटा’ किंवा सरळ ‘शटल’.
फणी : जिच्या बारीक फटींतून ताण्याचे धागे ओवलेले असतात ती. तिथे ‘कंघी’.
राछ : ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोऱ्यांची चौकट.
हत्था : फणी जिच्यात बसवलेली असते ती झुलती चौकट. ती पुढे ओढून ठोका देतात.
तूर : विणलेले कापड गुंडाळण्याचा दांडा.
डॉबी : किनारीच्या नमुन्यासाठी ठरावीक धागे उचलणारे, मागाच्या वर बसवलेले यंत्र. ते विजेवर चालत नाही, पायाने चालते.

विणणे म्हणजे चार हालचाली. पावडी दाबली की ताण्याचे निम्मे धागे वर जातात आणि निम्मे खाली, मध्ये वाट उघडते. दोरीचा झटका दिला की धोटा त्या वाटेतून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो. हत्था पुढे ओढून ठोका दिला की आडवा धागा जागेवर बसतो. मग दुसरी पावडी. दोरीने धोटा फेकण्याची ही युक्ती जॉन के या इंग्रज कारागिराची, १७३३ सालची. अहिल्याबाईंच्या काळी माहेश्वरात धोटा हातानेच या बाजूने त्या बाजूला टाकत असत.

इंचाला साठ आडवे धागे धरले, तर साडेपाच मीटरच्या साडीसाठी धोटा सुमारे १३,००० वेळा जातो. आणि प्रत्येक ठोका सारखाच पडावा लागतो.

शिकण्याचा क्रम

घरात वाढलेली मुले हे पाहत पाहत शिकतात. बाहेरून येणाऱ्याने पुढील क्रम धरावा.

पहिल्या आठवड्यात कांड्या भरा. कांडी सैल भरली तर धागा ढासळतो आणि घट्ट भरली तर धोट्यातून तो तुटतो. बोटांतला ताण ओळखायला याहून चांगला धडा नाही. याच दिवसांत तुटलेला धागा सांधायला शिका. गाठ इतकी लहान हवी की ती फणीच्या फटीतून निघून जाईल.

त्यानंतर जाड सुताच्या ताण्यावर साधी वीण. वीस किंवा चाळीस नंबरच्या सुतावर अर्धा मीटर विणा, उलगडून पाहा, पुन्हा विणा. रेशमी ताण्यावर नवशिक्याला बसवत नाहीत आणि बसवूही नये. एक चूक झाली तर विणकराचा पंधरवड्याचा ताणा वाया जातो.

मग पट्टे आणि चौकडी. इथे मोजणे येते. दर चौकोनात आडवे धागे तितकेच पडले पाहिजेत, नाहीतर चौकोन लांबट होतात.

शेवटी किनार. डॉबीवरचा नमुना आधी चौकोनी कागदावर भरतात : एक घर म्हणजे एक धागा. रांगोळीचे ठिपके मांडण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे लवकर समजते, असा आमचा अनुभव आहे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका

आमच्यापैकी ज्या काहीजणी मागावर बसून आल्या, त्यांच्या चुका जवळजवळ सारख्या होत्या.

कडा आत ओढल्या जातात. धोटा परत येताना धागा जास्त खेचला की कापड अरुंद होत जाते. दोन्ही टोकांना खिळे असलेली काठी लावून कापड रुंद ताणून धरतात, पण खरा उपाय धागा किंचित सैल सोडणे हाच.

ठोका कमीजास्त पडतो. सकाळी कापड दाट आणि दमल्यावर विरळ. उजेडाकडे धरले की आपल्या थकव्याची वेळ कापडात दिसते. म्हणून थोडा वेळ, पण रोज बसणे बरे.

तुटलेला धागा लक्षात येत नाही. हात लयीत आले की डोळे भटकतात, आणि मग बोटभर कापड उसवावे लागते. उसवणे विणण्यापेक्षा अवघड. एकीला तिसऱ्या दिवशी चार बोटे कापड उसवावे लागले. तिला शेजारच्या मागावरच्या आजी म्हणाल्या, “बेटा, जो उधेड़ना सीख गया, वो बुनना भी सीख गया।”

शिकणे आणि मजुरी

विणकाम शिकावे असे आम्ही सांगतो, त्याबरोबर एक स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. माहेश्वरी टिकेल की नाही, हे आपल्यासारख्या हौशी शिकणाऱ्यांवर अवलंबून नाही. विणकरांच्या घरातला मुलगा किंवा मुलगी मागावर बसणार का, यावर ते अवलंबून आहे. त्याला किंवा तिला इंदुरात, पिथमपुरात महिन्याचा ठरलेला पगार मिळतो. मागावर नगावर मजुरी मिळते. साध्या साडीला तीन-चार दिवस आणि भरल्या किनार-पदराला त्याहून बरेच जास्त लागतात. घरातल्या बाईने भरलेल्या कांड्या आणि केलेली सांधणी त्याच मजुरीत धरलेली असते, तिचा हिशेब वेगळा निघत नाही.

आपण दुकानात ‘एवढी महाग?’ म्हणतो, तेव्हा भाव आपण यंत्रमागाच्या नकलेशी ताडून पाहत असतो. ती नक्कल शेजारीच टांगलेली असते आणि तिच्यावरही ‘माहेश्वरी’च लिहिलेले असते. १९८५ च्या कायद्याने काही प्रकारचे कापड हातमागासाठी राखून ठेवले आहे आणि माहेश्वरीला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणीही मिळाली आहे. तरी शेवटचा निवाडा गिऱ्हाईकाच्या हातात राहतो. एक आठवडा कांड्या भरलेली बाई घासाघीस करताना जरा थांबते, हे आम्ही पाहिले आहे. शिकण्याचा सर्वांत मोठा उपयोग आम्हाला हाच वाटतो.

घेताना काय पाहावे

किनार उलटून पाहा. जुन्या पद्धतीच्या किनारीला मागे लोंबते, कापलेले धागे नसतात.

कापड उजेडाकडे धरा. हातमागाच्या विणीत अगदी बारीक कमीजास्तपणा असतो. तो दोष समजू नये. कडेला काठीच्या खिळ्यांची बारीक भोकेही दिसू शकतात, पण तेवढ्या एकाच खुणेवर विसंबू नका.

काठाचा सुटा धागा मिळाला तर जाळून पाहा. सूत कागदासारखे जळून राख होते. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो आणि त्याची गोळी बोटांत चुरते. वितळून कडक मणी झाला तर तो कृत्रिम धागा.

हँडलूम मार्कचे लेबल पाहा, पक्के बिल मागा, आणि कोणी विणली ते विचारा. विणकराशी थेट संबंध असलेला दुकानदार निदान कोणत्या मोहल्ल्यातली ते सांगतो.

कुठे शिकावे, कसे जावे

केंद्र सरकारच्या वस्त्र मंत्रालयाचे बुनकर सेवा केंद्र इंदुरातच आहे. त्याचे काम मुख्यतः विणकरांसाठी असले तरी प्रशिक्षणाची आणि प्रदर्शनांची चौकशी तिथूनच सुरू करावी. माहेश्वरात रेवा सोसायटीचे माग किल्ल्याच्या परिसरात पाहता येतात. सॅली होळकरांनीच पुढे उभ्या केलेल्या ‘विमेनवीव्ह’ संस्थेची माहेश्वरात ‘हँडलूम स्कूल’ आहे. तिथे विणकर घरांतल्या तरुणांना विणकामाबरोबर रचना, हिशेब आणि विक्रीही शिकवतात. ती जागा त्यांच्यासाठी आहे. आपण हौसेने तिथे जागा अडवू नये, त्यांचे काम मात्र जरूर पाहावे.

घरच्या मागावर शिकायचे असेल तर ओळखीतून जावे आणि आधी विचारावे. विणकरांची घरे हिंदूही आहेत आणि मुसलमानही, अन्सारी कुटुंबे पुष्कळ आहेत. शुक्रवारची दुपार, रमजान आणि सणवार लक्षात घेऊन दिवस ठरवावा. तुम्ही मागावर बसता तेवढा वेळ त्या घराची मजुरी बुडते, म्हणून शिकवण्याचे पैसे आधी ठरवून द्यावेत. ‘चहापाण्याला’ म्हणून नव्हे, रोजाच्या हिशेबाने द्यावेत. फोटो काढण्याआधी परवानगी घ्यावी आणि किनारीचा नवा नमुना असेल तर काढूच नये. तो त्यांच्या पुढच्या हंगामाची कमाई असतो.

इंदूरहून मानपूरचा घाट उतरून धामनोदमार्गे दोन-अडीच तासांत माहेश्वर येते. उन्हाळ्यात निमाड मालव्यापेक्षा बरेच तापते, तेव्हा शिकायला जाणाऱ्यांनी दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस धरावेत. ७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन असतो. १९०५ साली याच तारखेला स्वदेशी चळवळीची हाक दिली गेली होती. त्याच सुमारास, आपल्या पंचांगाने श्रावण वद्य चतुर्दशीला, अहिल्याबाईंची पुण्यतिथी येते. त्या दिवसांत माहेश्वरला जाणे झाले, तर घाटावर दिवा लावून झाल्यावर तासभर एखाद्या मागापाशीही बसावे.

आणि घरी आल्यावर कपाटातली जुनी माहेश्वरी काढून तिची किनार उलटून पाहावी. घरातल्या मुलींना ती दाखवावी आणि ती कुणाची, कधी घेतलेली, हे एका चिठ्ठीवर लिहून साडीच्या घडीत ठेवावे.